गोविंदाशेठचं उत्तर

मोजकं लिहिण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, हे मी छातीठोकपणे सांगायचो!

आमच्या कंपनीने सोसायट्यांच्या गेटसाठी एक एआय एजंट बनवलाय. त्याच्या हाताशी पाच-सहा टूल्स. एक घरमालकाला फोन लावतं, एक लिफ्ट पाठवतं, एक जुन्या नोंदी उघडतं. कुठलं टूल काय करतं, हे चार-चार ओळींत लिहून देणं माझं काम. एजंट तेवढंच वाचतो आणि तसं वागतो. चार ओळी कशाला? मी एकेका ओळीत उरकलं! "तुमच्याच बाळकुमच्या सोसायटीत आठवडाभर सुरळीत चालू दे, मग तू कायम," साहेब म्हणाले होते. नाहीतर घरी.

बायकोने, कल्पिताने, माझं लिखाण वाचून कपाळाला आठ्या घातल्या.

"प्रफुल्ल, 'घरमालकाचं उत्तर आणतो' म्हणजे काय रे? कुठून आणतो? कधीचं?"

"अगं, एजंट हुशार असतो. समजून घेतो!"

"दूध आण म्हटलं की तू ताक आणतोस. तूही हुशारच आहेस."

तिसऱ्या दिवशी दुपारी वॉचमन दौलत पाच मजले जिन्याने चढून माझ्या दारात आला. चेहरा पांढराफटक!

"साहेब, गोविंदाशेठ बोलले."

गोविंदाशेठ भोईर मार्गशीर्षात वारले. आमची बिल्डिंग त्यांच्याच भातशेतावर उभी आहे. चारशे दोन नंबरचा फ्लॅट अजून त्यांच्याच नावावर. आमच्याकडे माणूस पटकन जातो, पण कागदावरून जायला त्याला दहा वर्षं लागतात.

"काय बोलले?"

"चारशे दोनचा गॅसवाला आलेला. गेटवरचा स्पीकर म्हणाला, 'घरमालक गोविंदा भोईर म्हणतात, येऊ दे, उन्हातानाचा कशाला उभा करतोस.' साहेब, अगदी शेठचे शब्द! रोज गेटच्या फोनवर असाच मेसेज यायचा मला. गॅसवाला सिलिंडर टाकून पळाला. तो शेठच्या मौतीला आलेला ना!"

मी खाली गेलो. कंपाऊंडमध्ये चिटपाखरू नव्हतं. कुत्रीसुद्धा गेटपासून लांब जाऊन बसलेली. मी स्पीकरसमोर उभा राहिलो आणि धीर करून म्हणालो, "चारशे दोनमध्ये जायचंय."

स्पीकर बोलू लागला.

"घरमालक गोविंदा भोईर म्हणतात, थांब, मीच खाली येतो."

लिफ्ट आपोआप वर गेली. चौथ्यावर थांबली. मग आकडा उतरू लागला. तीन. दोन. दौलतने माझा दंड धरला. एक. दार उघडलं. आत कोणी नव्हतं, नुसता पंखा फिरत होता. दार बराच वेळ उघडं राहिलं, एखादा म्हातारा माणूस सावकाश उतरत असावा तसं.

मी आणि दौलत, दोघांनी नकळत बाजूला होऊन वाट दिली!

मग दौलतने बोंब ठोकली. ती ऐकून सोसायटीचे सेक्रेटरी भगवानराव धावत आले. "आत्ताच्या आत्ता काढ हे मशीन! नाहीतर तुझ्या साहेबांना फोन लावतो!"

माझी नोकरी डोळ्यांसमोरून जाताना दिसली. लॅपटॉप उघडला आणि पाच मिनिटांत घोळ सापडला. शेठचा फोन बंद, म्हणून एजंटने दुसरं टूल धरलं. ते जुन्या नोंदीतली उत्तरं आणतं, पण 'जुन्या' हे मी लिहिलंच नव्हतं! त्याला वाटलं शेठ आत्ताच बोलतायत. खाली येतो म्हणाले, म्हणून अदबीने लिफ्टही पाठवली.

"पण शब्द मेलेल्या माणसाचेच ना?" भगवानराव पुटपुटले.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. हळू, एकेक पायरी. दौलत माझ्या मागे लपला.

शेठच्या बायको, सगुणाकाकू. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"काकू, माफ करा. चूक माझी. काकांचे जुने मेसेज..."

"दाव बगू."

स्क्रीनवर बोट ठेवून त्यांनी एकेक ओळ वाचली. आता रडणार, मी मनाची तयारी केली. आणि काकू खदखदून हसल्या!

"अरं, त्यांना कुठं लिवता येत होता मोबाईलवर! फोन त्यांचा, अंगठा माझा. ही सगली उत्तरा मीच लिवायची!" मग पदराने डोळे पुसले. "जन्मभर काम माझा न नाव त्यांचा. मेल्यावर पन तसाच? पयला माझा नाव लाव तिथं!"

भगवानराव खाली मान घालून नाव बदलायचे कागद काढायला गेले. मशीन राहिलं.

संध्याकाळी कल्पिताने मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः लिहिलं : 'जुन्या नोंदीतलं उत्तर दाखवतो. आजची परवानगी म्हणून वापरू नये. मालकाने फोन उचलला नाही तर पाहुण्याला थांबवावं आणि वॉचमनला कळवावं.'

मी ते तसंच कंपनीला पाठवलं. साहेबांचा लगेच फोन आला. "प्रफुल्ल, इतकं स्वच्छ आजवर कुणी लिहिलं नव्हतं! तूच लिहिलंस ना? आठवडा कशाला, तू आजच कायम!"

"हो सर. थँक्यू सर," मी म्हणालो.

फोन स्पीकरवर होता. कल्पिता मागेच उभी होती. खोटं कशाला सांगू, लिफ्टचं दार उघडलं तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो!