नऊ खिसे आणि राखाडी रीळ

माझ्या दुकानातून आजवर एक टाचणीही चोरीला गेलेली नाही. तीस वर्षं मी शिंपीकाम करतोय आणि तीस वर्षांत मी कुणावरही विश्वास ठेवलेला नाही. लोक याला संशयी स्वभाव म्हणतात. मी याला नजर म्हणतो. गिऱ्हाईक आरशात स्वतःला बघत असतं, तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या हातांकडे बघत असतो.

त्यामुळे बायकोने ते राखाडी रीळ दुकानात आणलं, त्याच दिवशी मी सावध झालो.

दोरा साधा नव्हता. त्यात पोलादाचे तंतू होते आणि त्यातून चक्क वीज जायची. बायको कुठल्याशा वर्गाला जाऊन ही विद्या शिकून आली होती. कापडात असा दोरा टाचायचा, त्यावर मण्याएवढे दिवे बसवायचे, कॉलरखाली चपटी बॅटरी लपवायची, की कापड उजळतं म्हणे. एका गायिकाबाईंनी तिच्याकडे असा पायघोळ झगा शिवायला दिला होता. घशाच्या आजारातून उठून बाई चार वर्षांनी पुन्हा गाणार होत्या. शेवटच्या गाण्याला सभागृहातले सगळे दिवे बंद, उजेड फक्त झग्याचा.

"हा उजळला, तर दुकानाच्या पाटीवर माझंही नाव लावायचं," बायको म्हणाली.

"लावू की," मी म्हणालो. सुई आणि वीज यांचं एका कापडात पटेल, असं मला मुळीच वाटत नव्हतं.

जोडणी तपासायला तिने धाकट्या भावाला बोलावलं. माझा हा मेहुणा वायरमन आहे. त्याच्या पँटला नऊ खिसे आहेत. मी मोजले. ज्या माणसाला नऊ खिसे लागतात, त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असतंच. शिवाय तो काम करताना शीळ घालतो. मन साफ असलेल्या माणसाला इतकी शीळ घालायची गरज काय?

हा दोरा मागवला की टपालाने यायला आठ दिवस लागतात, हे कळल्यावर मी रीळ ताब्यात घेतलं. रोज संध्याकाळी काम थांबलं की ते माझ्या खणात, कुलपात. किल्ली माझ्या गळ्यात, बनियनच्या आत. शिवाय दोरा जिथवर गुंडाळलेला असेल तिथे रिळावर पेन्सिलीची बारीक खूण. मग ती दोघं जायची आणि मी मागे थांबून स्वतःच्या कपड्यांची डागडुजी उरकायचो. शेवटी कुलूप तीनदा ओढून बघायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दोरा खुणेच्या खाली! चौथ्या दिवशी आणखी खाली. पाचव्या दिवशी माझं जेवण सुटलं. कुलूप शाबूत, किल्ली गळ्यात, आणि दोरा पसार.

"त्या नऊ खिशांत काय काय असतं रे?" मी मेहुण्याला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पक्कड, टेस्टर, चिकटपट्टी."

"आणखी?"

"खोकल्याच्या गोळ्या. हवी का, दाजी?"

मी घेतली. संशय वेगळा, गोळी वेगळी.

काळजीने मी इतका वाळलो की पँट कमरेवरून घसरायला लागली. पट्टा मला सोसत नाही, म्हणून एका संध्याकाळी ती मागून आत घेतली, बटण हलवलं, दोन्ही पाय पुन्हा दुमडून शिवले. तर ती अंगाला टोचू लागली. हल्ली दोऱ्यातही भेसळ करतात, कुणाकुणावर म्हणून लक्ष ठेवायचं?

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चार वाजता रीळ संपलं. झगा पुरा झाला होता. फक्त बॅटरीपासून पहिल्या दिव्यापर्यंतची दोन वितींची ओळ राहिली होती. बायको स्टुलावर बसली. तीन आठवडे ती मान मोडून त्या झग्यावर बसली होती.

"दोन वितीच हव्या होत्या हो," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

मला फार वाईट वाटलं. पण तीस वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली, तो क्षण आला होता. मी उठलो आणि मेहुण्याकडे बोट दाखवलं.

"खिसे उलटे कर."

तो रागावला नाही, हे मला आणखीच संशयास्पद वाटलं. त्याने सगळे खिसे मेजावर रिकामे केले आणि त्यातलाच एक छोटा मीटर माझ्या हातात दिला.

"दाजी, याच्या दोन टोकांमध्ये तो दोरा आला की हा वाजतो. घ्या, लावून बघा."

मी त्याचे नऊ खिसे तपासले, बाह्या तपासल्या, कॉलर तपासली. मीटर गप्प. मग मी तत्त्वाला जागून बायकोचाही पदर तपासला. मीटर गप्पच.

"आता तुमचं," ती म्हणाली.

"माझं कशाला?"

"सगळ्यांचं झालं म्हणून."

तिने मीटर माझ्या हातून घेतला आणि पायाच्या दुमडीला लावला. मीटर वाजला. दुसऱ्या पायाला वाजला. बटणाला वाजला. मागे कमरेच्या शिवणीला तर थांबेचना.

खणात माझंही साध्या दोऱ्याचं एक राखाडी रीळ होतं, अगदी शेजारी. आणि कुलूप इतकं पक्कं, की त्या खणात हात घालू शकणारा माणूस जगात एकच होता.

"काढा," बायको म्हणाली.

मी कपडे बदलायच्या पडद्याआड उभा राहिलो आणि पँट बाहेर दिली. तिने ती उसवली, तुकडे गाठी मारून जोडले, आणि पँट आत फेकली. तोवर मेहुण्याने गाडी सुरू केली होती. गाडीत मागच्या सीटवर ती शेवटचे टाके घालत होती. मी हळूच म्हणालो, "तुझं झालं की सुई जरा मला."

"आधी हे."

सुई मला मिळालीच नाही. सभागृहात पोचलो तेव्हा गाणं सुरू व्हायला आलं होतं. ती झगा घेऊन आत पळाली, आणि मी दोन्ही हातांनी पँट धरून खुर्ची गाठली.

शेवटच्या गाण्याला अंधार झाला. बायको शेजारी श्वास रोखून बसली होती. बाईंनी सूर लावला आणि झग्यावर एक दिवा लागला. मग दुसरा, मग कॉलरपासून पायापर्यंत सगळे. बायको रडत होती. खरं सांगतो, मीही डोळे पुसले. गाणं संपलं तेव्हा अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

बसलेला मी एकटाच.

"उठा की, दाजी," मेहुणा म्हणाला. "ताईचं काम आहे."

"मी मनातून उभा आहे," मी म्हणालो.

पाटीवर आता तिचं नाव आहे, माझ्या वर. खणाची किल्लीही तिच्याकडेच असते. मला दोरा लागला तर मागावा लागतो. ती देते, पण संध्याकाळी दुकानातून निघताना मला दारात थांबवून पायापासून कमरेपर्यंत मीटर लावून बघते. माणसाने इतकं संशयी असू नये, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.