हुदलीकरअण्णांची स्पॅनिश मंडळी

हुदलीकरअण्णांच्या घरातली सगळी चित्रं भिंतीकडे तोंड करून टांगलेली असत. मल्लेश्वरमच्या त्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, इथे काहीतरी अशुभ घडलंय. भिंतीवर ओळीनं फ्रेमा आणि प्रत्येकीची पाठ आपल्याकडे. माझा चेहरा बघून इंदिराकाकू म्हणाल्या, "काही नाही गं, उन्हानं रंग उडतात म्हणून ह्यांनी सगळ्यांना शिक्षा केलीय."

मग स्वतः अण्णा आले. त्यांनी पडदे ओढले, मला हात धुवायला पाठवलं, धुतलेले हात उलटसुलट करून बघितले आणि एक फ्रेम अलगद फिरवली. आत एक जुनं गलबत होतं. मी 'वा' म्हणायच्या आत गलबत परत भिंतीकडे गेलं.

"बास. स्वल्प बघायचं. फार बघितलं की कागद दमतो."

मी तेव्हा साताऱ्याहून नुकतीच लग्न होऊन बेंगळूरला आले होते. आमचे हे आणि अण्णा एकाच सरकारी कारखान्यात. अण्णा यंत्रांचे नकाशे काढत. दिवसभर स्वतः रेघा मारायच्या आणि संध्याकाळी दुसऱ्यांनी मारलेल्या रेघा भिंगातून बघायच्या, हा त्यांचा संसार. "रेघ बघा, रेघ!" हे त्यांचं पालुपद. काकूंच्या रांगोळीला, कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या दोशाच्या कडेला, सगळ्याला तेच. माझ्या भांगाकडे बघूनसुद्धा ते एकदा म्हणाले होते, "रेघ जरा डावीकडं सरकली की हो."

हे खूळ लागलं ते शिवणयंत्रामुळे. देश सोडून निघालेल्या साहेबलोकांच्या सामानाचे लिलाव तेव्हा कँटोन्मेंटात होत. काकूंनी अण्णांना तिथे शिवणयंत्र आणायला धाडलं. अण्णा एक ट्रंक घेऊन आले. तिच्यात बुरशी धरलेली जुनी स्पॅनिश पुस्तकं होती, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांची. अण्णांनी एक पान उघडलं आणि जेवायला उठलेच नाहीत. तेव्हापासून दर लिलावाला अण्णा हजर. कुठे चित्र, कुठे पुस्तक, हात हलवत परत येणं माहीत नाही. "शिवणयंत्र अजून वाटेत आहे," असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

अण्णांना स्पॅनिश येत नव्हतं. एक जाडजूड शब्दकोश पैदा करून ते चित्रांखालच्या ओळी लावत आणि बेळगावी हेल काढून मोठ्यानं वाचत. स्पेनच्या राजानं ते ऐकलं असतं तर त्याला कानडी वाटलं असतं. पुस्तकांना ते 'मंडळी' म्हणत. "आज मंडळी गच्चीवर आहेत," म्हणजे सावलीत वाळत घातली आहेत. कसर लागू नये म्हणून प्रत्येक पुस्तकात वेखंडाची पुरचुंडी. त्यामुळे घरात पाऊल टाकलं की बाळंतिणीच्या खोलीत आल्यासारखं वाटे.

कारखान्यातले लोक त्या सगळ्याला अण्णांची रद्दी म्हणत. अण्णा हसत, पण त्यांना ते लागायचं. आपल्या मंडळींना एकदा तरी कुणी जाणत्यानं बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि एक दिवस तो योग आला. दुर्मिळ पुस्तकांचं मोठं प्रदर्शन बेंगळूरला भरणार होतं. ते मांडणारे मुंबईचे साहेब अण्णांचं एक पुस्तक स्वतः येऊन बघणार होते. पसंत पडलं की काचेच्या पेटीत, खाली अण्णांचं नाव.

अण्णांनी पोशाखांचं पुस्तक निवडलं. स्पेनच्या गावोगावच्या बायका, हातानं रंगवलेल्या. त्यातलंही एकच पान मागच्या खोलीतल्या टेबलावर उघडून ठेवलं. त्यावर डोक्यावरून काळं वस्त्र घेतलेली एक बाई होती. "खाली लिहिलंय व्यूदा. व्यूदा म्हणजे विधवा," अण्णांनी घरात जाहीर केलं. "शब्दसुद्धा आपल्यासारखाच, बघा की!"

"मग कानात डूल कसे रे?" अक्कांनी विचारलं.

"तिकडं चालतात."

"बरं आहे की तिकडं," अक्का म्हणाल्या आणि भाजी निवडू लागल्या.

अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लहानपणी माहेरी असतानाच विधवा झाली आणि तिथेच राहिली, आई गेल्यावर तिनंच अण्णांना वाढवलं. अंगावर आलवण, डोक्यावरून पदर. चैत्रात काकूंच्या हळदीकुंकवाला अख्ख्या मल्लेश्वरमची मराठी मंडळी लोटायची. आंब्याची डाळ वाटायची अक्कांनी, पन्हं करायचं अक्कांनी, आणि बायका यायला लागल्या की मागच्या खोलीत जाऊन बसायचं, तेही अक्कांनीच. कुणी जा म्हणत नसे. कुणी थांबा म्हणत नसे. मीसुद्धा नाही.

त्या वर्षी ओटीचे भिजवलेले हरभरे संपले म्हणून काकूंनी मला आत पाठवलं. मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. अक्का टेबलापाशी वाकून उभ्या होत्या. त्यांनी त्या चित्रातल्या बाईच्या कपाळाला हळद लावली, मग कुंकू लावलं, आणि मूठभर ओले हरभरे तिच्यासमोर पानावरच ठेवले. मी दिसल्यावर त्या दचकल्या नाहीत.

"व्यूदा ना ती," त्या हळूच म्हणाल्या. "तिला कोण बोलावणार?"

मी हरभरे न घेताच बाहेर आले. काकू रागावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांची आरोळी आमच्या घरापर्यंत आली. मी धावत गेले. अण्णा भिंग घेऊन पानावर वाकले होते. कुंकू कागदात मुरलं होतं, हरभऱ्यांच्या ओलीनं पान फुगलं होतं. "कुणी केलं हे? कुणी हात लावला?" असं ओरडत ते वळले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अक्का ताक घुसळत होत्या. त्यांच्या उजव्या अनामिकेचं टोक अजून लाल होतं. अण्णा त्या बोटाकडे बघत राहिले.

"उंदीर झालेत घरात," शेवटी ते म्हणाले.

"हळदीकुंकू करणारे उंदीर?" काकू म्हणाल्या.

"असतात. बेंगळूरला असतात."

पुढच्या रविवारी मुंबईचे साहेब आले. हात न सांगता धुतले, त्यामुळे अण्णा निम्मे खूश तिथेच झाले. साहेबांनी पुस्तक चाळलं आणि त्यांचा आवाजच बदलला. "हुदलीकर, अहो, असं पुस्तक मी उभ्या आयुष्यात दोनदाच बघितलंय. हे प्रदर्शनाच्या मधोमध ठेवू." अण्णांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. मग ते पान आलं.

"अरेरे! पण हरकत नाही. माझ्या माणसाकडे औषध आहे. कापसाच्या बोळ्यानं हलकेच टिपलं की साफ. कुंकू पुसून घेतो, पान दाबून सरळ करतो, की झालं. असंच मात्र मांडता येणार नाही, लोक हसतील."

अण्णांनी पुस्तक हळूच आपल्याकडे ओढलं.

"नको," ते म्हणाले.

"अहो, पानाला काही होणार नाही. मी जबाबदार."

"पानाचं नाही हो. मी लहान होतो. कपाळावरचं कुंकू कसं पुसतात ते मी आमच्या अंगणात बघितलंय. दोघींनी हात धरले होते, तिसरीनं पुसलं. ती रडत नव्हती, मीच रडत होतो. पुन्हा कुणाचं पुसू द्यायचं नाही मला. माझ्या घरात तर नाहीच."

साहेबांना काय कळलं कोण जाणे. त्यांनी आणखी एकदा समजावलं, घड्याळ बघितलं आणि नमस्कार करून निघाले. प्रदर्शन अण्णांच्या मंडळींशिवायच झालं.

पण ते नंतर. त्या दिवशी साहेबांची टॅक्सी गेल्यावर अक्का बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"वेड्या, तुझं नाव लागणार होतं की रे तिथं."

"लागू दे कुणाचं तरी. काचेत मंडळींना गुदमरलंच असतं."

अक्कांनी अण्णांच्या अर्ध्या पिकलेल्या डोक्यावर हात ठेवला, आणि निवृत्तीला टेकलेला तो माणूस लहान मुलासारखा त्यांच्या पायाशी खाली बसला. काकू पाठ करून डोळे टिपत होत्या. मी माझी कॉफी तशीच ठेवून घरी आले.