दोन स्वल्पविराम, चार लिफ्ट

टाइप केलेल्या कागदावरून एकदा मायेने नजर फिरवायची आणि जिथे उघडंबोडकं वाटेल तिथे एक स्वल्पविराम टाकायचा, ही कारकुनाची वीस वर्षांची सवय. जेवणात काही जण चव न बघताच मीठ घालतात ना, तसं. विमा कंपनीच्या त्या नऊमजली इमारतीत इंग्रजी नोटिसा टाइप करायचं काम त्याच्याकडे होतं, आणि आपल्या नोटिसा इतरांपेक्षा देखण्या का दिसतात हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्या शुक्रवारी कचेरी सुटता सुटता मोठ्या साहेबांनी एक पाय लिफ्टमध्ये ठेवून मजकूर सांगितला : “द लिफ्ट्स विच आर ओल्डर दॅन ट्वेंटी इयर्स शॅल बी क्लोज्ड फ्रॉम मंडे.” इमारतीत चार लिफ्ट. त्यांतल्या दोन साहेबांच्याही आधी नोकरीला लागलेल्या, आणि दोन सहा वर्षांपूर्वीच्या. म्हाताऱ्या दोघींना विश्रांती द्यायची, एवढीच गोष्ट. कारकुनाने वाक्य टाइप केलं, मान तिरकी करून पाहिलं आणि ‘विच’च्या आधी एक व ‘इयर्स’च्या नंतर एक असे दोन स्वल्पविराम टाकले. नोटीस कशी सजली! साहेबांनी न वाचता सही ठोकली.

सोमवारी सकाळी चारही लिफ्टना कुलूप होतं.

लिफ्टची सगळी व्यवस्था एका बाईंकडे होती. निळा डगला, कमरेला चाव्यांचा जुडगा, बोलणं मोजकं. सगळे त्यांना लिफ्टबाईच म्हणत. कारकून धावतच त्यांच्यापाशी गेला.

“अहो ताई, हे काय केलंत? दोनच बंद करायच्या होत्या!”

“असं कुठे लिहिलंय?”

“लिहिलंय की! जुन्या लिफ्ट बंद कराव्यात.”

लिफ्टबाईंनी खिशातून नोटीस काढली. “असं नाही लिहिलेलं. लिफ्ट बंद कराव्यात, असं लिहिलंय. आणि जाता जाता माहिती दिलीय, की त्या वीस वर्षांहून जुन्या आहेत. माहिती चुकीची आहे, पण हुकूम स्पष्ट आहे.”

“पण तुम्हाला ठाऊक आहे ना, आम्हाला काय म्हणायचंय ते!”

“मागच्या वर्षी मी असंच स्वतःचं डोकं चालवून एक लिफ्ट सुरू केली होती. साहेबांनी तीन पानी खुलासा लिहून घेतला. तेव्हापासून डोकं घरी ठेवते आणि कागद वाचून काम करते. वाक्य नीट करून आणा. लगेच उघडते.”

कारकून नऊ मजले चढून गेला. वाक्यात काय बिघडलंय ते त्याला कळेना. त्याने अक्षरं मोठी केली, ‘क्लोज्ड’खाली रेघ मारली, आणि जरा जोर यावा म्हणून स्वल्पविराम ठळक केले. सातव्या मजल्यावर धापा टाकत बसलेल्या साहेबांची पायरीवरच सही घेतली आणि तो पुन्हा खाली आला. लिफ्टबाईंनी कागद पाहिला. “आता तर ओरडून सांगताय, की सगळ्याच बंद करा,” असं म्हणून त्या चाव्या घेऊन दुसऱ्या इमारतीच्या कामावर निघून गेल्या. उद्या नऊला येणार होत्या.

मग त्या इमारतीत जे झालं ते विचारू नका. हजेरीपुस्तक नवव्या मजल्यावर, त्यामुळे कचेरीतला यच्चयावत माणूस उशिरा आला असं लाल शाईत नोंदलं गेलं. आठव्या मजल्यावरच्या कँटीनमधून चहा निघायचा तो दुसऱ्यावर पोचेपर्यंत सरबत व्हायचा. पाचव्या मजल्यावरच्या दोघींनी दोरीला टोपली बांधून खिडकीतून फायली खाली सोडल्या. टोपली तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यात अडकली आणि एका गृहस्थाचा विम्याचा अर्ज दिवसभर पारव्यांच्या ताब्यात राहिला. कुणीतरी मुख्य कचेरीला तक्रार धाडली, आणि संध्याकाळी उत्तर आलं : “द पर्सन हू इश्यूड द नोटिस दॅट इज कीपिंग द लिफ्ट्स शट मस्ट बी रिमूव्ह्ड.” लिफ्ट बंद ठेवणारी नोटीस ज्याने काढली त्याला काढून टाका, उद्या अकरापर्यंत नाव कळवा.

साहेबांनी तो कागद कारकुनापुढे धरला. “तुमचं नाव कळवावं लागणार. वीस वर्षांची ओळख आपली. वाईट वाटतंय मला.” आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं, हे कारकुनाला जास्त लागलं.

घरी आल्यावर त्याला सगळ्यांत मोठी धास्ती होती ती सासूबाईंची. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी म्हणून आलेल्या सासूबाई सहा महिने मुलीकडेच होत्या. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजीचं व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या. हातात वाक्य सापडलं की त्याची आकृती काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आडवी रेघ, तिला छेदणारी उभी रेघ, अलीकडे कर्ता, पलीकडे क्रियापद, खाली फांद्या. औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेचीही त्यांनी आकृती काढली होती. त्यांच्यासमोर कारकून अगदी साधी, केवल वाक्यं बोलायचा. “चहा झाला.” “पाऊस आहे.” गौण वाक्य तोंडातून निघालं तर उगाच धरतील, ही भीती.

पण आज त्याचा चेहरा पाहून बायकोने विचारलं, “काय झालं हो?” आणि एका दमात, गौण वाक्यांसकट, त्याने सगळं सांगून टाकलं.

सासूबाईंनी चष्मा लावला. “बघू नोटीस.”

त्यांनी ती वाचली, आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टर हसतात तसं थोडंसं हसल्या. कागद उलटा करून एक आडवी रेघ काढली. वर ‘लिफ्ट्स’, उभी रेघ, मग ‘शॅल बी क्लोज्ड’. खाली दुसरी रेघ आणि तिच्यावर ‘विच आर ओल्डर’. वरच्या ‘लिफ्ट्स’पासून खालच्या ‘विच’पर्यंत तुटक रेघ सोडली.

“जावईबापू, पुस्तकात स्वल्पविराम असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही वाक्यांची आकृती एकसारखीच काढतात. मला ते कधी पटलं नाही. माझ्या मुलींना मी इथे गाठ मारायला शिकवायचे.” तुटक रेघेच्या वरच्या टोकाला त्यांनी एक टपोरी गाठ काढली. “गाठ असेल तर खालचं वाक्य वरच्याला निवडतं. सगळ्या लिफ्ट नव्हेत, ज्या जुन्या त्याच. स्वल्पविराम आले की गाठ सुटली. मग खालचं वाक्य नुसतं शेजारी बसून गप्पा मारतं.”

कारकुनाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. सासूबाईंनी टेबलावरच्या सहा कपांकडे बोट केलं आणि मुलीला म्हणाल्या, “जे कप तडकलेत ते टाकून दे.”

बायकोने कानापाशी चीर गेलेला एक कप उचलला.

“ठेव. आता ऐक. हे कप, तडकलेतच ते, टाकून दे.”

बायकोने सहाही कप ट्रेमध्ये घेतले आणि ती चालायला लागली.

“अगं थांब!” कारकून ओरडला. मग तो ट्रेकडे, कागदाकडे आणि पुन्हा ट्रेकडे बघत राहिला. वीस वर्षं आपण कागदावर काय पेरत आलो, हे त्याला त्या क्षणी कळलं. “म्हणजे मी शोभेसाठी टाकलेल्या त्या दोन शेपट्यांनी...”

“ध चा मा केलात,” सासूबाई म्हणाल्या. “उद्या मी येते तुमच्याबरोबर.”

मंगळवारी सकाळी तळमजल्यावर अर्धी कचेरी जमली होती. जिन्याकडे बघण्याचीही कुणाची इच्छा नव्हती. साहेब बाकावर बसून नाव कळवण्याचा मजकूर जुळवत होते. लिफ्टबाई चाव्या घेऊन उभ्या होत्या. सासूबाई आत आल्या तशी लिफ्टबाईंच्या हातातली अवजारांची पेटी धाडकन खाली पडली.

“बाई! तुम्ही?”

सासूबाईंनी डोळे बारीक केले. “चौथा बाक, खिडकीकडचा. गाठ मारायला नेहमी विसरायचीस.”

“आता नाही विसरत, बाई,” लिफ्टबाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या. “कालच एक सुटलेली दिसली, म्हणून चारही बंद केल्या.”

कारकुनाने कपाळाला हात लावला. घरातल्याच शहाणपणाने त्याचा बळी घेतला होता.

जुन्या लिफ्टचं दार गडद हिरव्या रंगाचं होतं, फळ्यासारखं. सासूबाईंनी पर्समधून खडू काढला आणि साहेबांकडे वळल्या. “दोन मिनिटं घेऊ का आपली?” साहेब उठून उभे राहिले. का राहिले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सासूबाईंनी एक ओळ आखली. रेघ अगदी सरळ. शुक्रवारचं वाक्य त्यांनी गाठीसकट काढलं, मग बोटाने गाठ पुसली आणि अर्थ कसा पालटला ते दाखवलं. कँटीनमधल्या माणसालाही कळलं. पाचव्या मजल्यावरच्या दोघी “अगं बाई, खरंच की!” म्हणाल्या. हजेरीपुस्तकवाले पुढे येऊन बसले. वाक्य असं उघडं करून त्याची हाडं आणि सांधे दाखवताना कुणी पाहिलं नव्हतं. एखादा कसबी घड्याळजी बंद घड्याळ उघडून बसला की माणसं जशी माना पुढे काढून बघतात, तसा तळमजला बघत होता.

“तेव्हा चूक सर्वस्वी आमच्या जावयांची आहे,” सासूबाईंनी निष्कर्ष काढला. “लिफ्टबाईंचं बरोबर.”

कारकून मनात म्हणाला, याचसाठी आणलं होतं का यांना?

साहेबांनी मान हलवली. “मग मी नाव कळवतो.”

“थांबा. मुख्य कचेरीचं वाक्य राहिलं ना?” सासूबाईंनी दुसऱ्या दाराकडे मोर्चा वळवला. हे वाक्य तीन मजली निघालं. वर ‘पर्सन’, त्याच्या खाली ‘हू इश्यूड द नोटिस’, त्याच्याही खाली ‘दॅट इज कीपिंग द लिफ्ट्स शट’. दोन ठिकाणी तुटक रेघ, दोन्हीकडे ठसठशीत गाठ. सुंदर वाक्य होतं. जमलेल्या माणसांनी नकळत मान डोलावली.

“आता बघा. काढून टाकायचं कुणाला? या माणसाला. कुठल्या माणसाला? तर ज्याने नोटीस ‘इश्यू’ केली त्याला. ‘टाइप’ नाही म्हटलेलं. खाली सही कुणाची आहे?”

सगळ्या माना साहेबांकडे वळल्या. साहेब सावकाश खाली बसले.

कारकुनाला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण कालची पायरी त्याला आठवली. घामाघूम साहेब, आणि न वाचता केलेली सही. तो पुढे झाला. “आई,” तो म्हणाला. सासूबाईंना त्याने ही हाक पहिल्यांदाच मारली होती. “साहेबांनी माझ्यावर विश्वास टाकून सही केली. त्यांना काही होता कामा नये. दुसरं काही निघत नाही का यातून?”

सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग खडूचं टोक सर्वांत खालच्या मजल्यावर टेकवलं. “‘इज कीपिंग.’ वर्तमानकाळ. जी नोटीस लिफ्ट बंद ठेवते आहे, ती. हो की नाही गं?”

लिफ्टबाईंचे डोळे चमकले. “हो बाई. आणि नीट केलेली नोटीस मिळाली, तर जुनी रद्द. मी आत्ता नव्या दोन लिफ्ट सुरू करते.”

“म्हणजे ‘द लिफ्ट्स’, सगळ्या लिफ्ट, बंद ठेवणारी नोटीस उरत नाही,” सासूबाईंनी खालची ओळ पुसली. “नोटीसच नाही, तर ती काढणारा कुठून आणाल?” मधली ओळ गेली. “आणि असा माणूसच नसेल...” वर नुसता ‘पर्सन’ लटकत राहिला. तोही त्यांनी तळहाताने पुसून टाकला. “गाठ निवडते खरी. पण निवडायला कुणी शिल्लक असेल तर!”

कारकुनाने तिथेच गुडघ्यावर कागद धरून नोटीस हाताने लिहिली. स्वल्पविरामाच्या जागी त्याचं पेन दोनदा अडखळलं, पण पुढे गेलं. साहेबांनी ती शब्द न् शब्द वाचली. आयुष्यात पहिल्यांदाच असेल, आणि मग सही केली. अकराला पाच कमी असताना लिफ्ट सुरू झाल्या आणि साहेबांनी मुख्य कचेरीला कळवलं, की आपण वर्णन केलेली व्यक्ती कसून शोधली, परंतु या इमारतीत आढळली नाही. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. मुख्य कचेरीने ‘तत्परतेबद्दल आभार’ असं उत्तर धाडलं.

रविवारी दुपारी कारकुनाच्या दारावरची बेल वाजली. दारात साहेब. घरच्या कपड्यांत ते जरा लहानच दिसत होते. कारकुनाला वाटलं, लेखी खुलासा मागायला आले असणार.

“या ना साहेब. काही चुकलं का?”

“नाही, नाही. बाई आहेत का घरात?” साहेबांनी पाठीमागचा हात पुढे केला. हातात नवी कोरी वही होती, पहिल्या पानावर तारीख घातलेली. “म्हटलं, शिकवतात का विचारावं. कचेरीत बोलू नका कुठे.”

सासूबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. “वेळेवर यावं लागेल. बसा तिकडे, जावईबापूंच्या शेजारी.”

जेवणाच्या टेबलाशी दोघं कोपराला कोपर लावून बसले. सासूबाईंनी एक दोन मजली वाक्य सांगितलं आणि त्या खिडकीशी गेल्या. साहेबांनी आडवी रेघ मारली, खोडली, पुन्हा मारली. पेन्सिलीचं टोक चघळलं. मग त्यांची नजर हळूहळू शेजारच्या वहीकडे घसरू लागली.

“दुसऱ्याचं बघायचं नाही,” सासूबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या.

साहेबांनी झटकन मान खाली घातली. दोन पेन्सिली खरखरत राहिल्या. मग कारकुनाने, मान वर न करता, वहीवरचं आपलं कोपर बोटभर बाजूला सरकवलं. गाठ दिसेल इतपतच.

खिडकीच्या काचेत सासूबाईंना ते स्वच्छ दिसत होतं. डोळ्याचं ऑपरेशन उत्तम झालं होतं. पण बाहेर बघण्यासारखं तिथे काही नसताना त्या आणखी चांगली पाच मिनिटं बाहेरच बघत राहिल्या.