नाकाने धावणाऱ्या लिमयेबाई

लिमयेबाई मुक्या आहेत, असं मी जवळजवळ दोन महिने समजत होतो.

बिबवेवाडीत मी भाड्याने राहायला आलो तेव्हा त्या माझ्या वरच्या मजल्यावर एकट्याच राहत. सकाळी तळजाईच्या टेकडीवर हमखास भेटत. साठी उलटलेली काटक बाई, अंगात सलवार-कमीज, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. मी नमस्कार म्हणायचो. त्या माझ्याकडे बघून मान हलवायच्या आणि ओठ घट्ट मिटून झपाझप वर निघून जायच्या. गालही जरा फुगलेले असायचे. मला फार वाईट वाटायचं. मी मूळचा अकोल्याचा. शेजारधर्म म्हणून एकदा मी त्यांना दोन्ही हात चोळून, खांदे उडवून ‘आज थंडी फार आहे’ असं खुणेने सांगितलं. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पुढे गेल्या.

मग एका सकाळी मी त्यांच्या मागोमाग माथ्यावर पोचलो. त्यांनी झुडपाआड चूळ टाकली, ओढणीने तोंड पुसलं आणि खणखणीत आवाजात मला विचारलं, “अहो, तुम्ही आ वासून का चढता? नाक आहे ना?”

मी दचकून नाकाला हात लावला. होतं.

“मग वापरा.”

पायथ्याशी तोंडात घोटभर पाणी घ्यायचं आणि माथा येईपर्यंत गिळायचं नाही की थुंकायचं नाही, अशी त्यांची पद्धत होती. तोंडात पाणी असलं की श्वास झक मारत नाकानेच घ्यावा लागतो. थंडीच्या खुणांबद्दल मी ओशाळून खुलासा केला, तेव्हा त्या म्हणाल्या की तुम्ही कुठल्या तरी नाट्यशिबिराला जात असाल असं मला वाटलं.

लिमयेबाई टेलिफोन खात्यात होत्या. खात्यात संगणक आले, माणसं जास्त झाली, तेव्हा त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पुढे एकदा घराचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर धाप लागून त्या पायरीवर बसल्या. तेवढ्या एका बसण्याचा त्यांना इतका अपमान वाटला की त्यांनी श्वास हा विषय हातात घेतला, आणि एकदा हातात घेतल्यावर आमच्या सोसायटीत कुणाचाच श्वास खाजगी राहिला नाही. वॉचमन जांभई द्यायला लागला की त्या समोर उभ्या राहून ती संपेपर्यंत बघत. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरी लालबुंद होऊन ओरडत होते, तर बाईंनी शांतपणे सुचवलं की हाच मुद्दा आपण नाकाने श्वास घेत मांडावा. सेक्रेटरींनी तसा प्रयत्न केला. मुद्दा दीड मिनिटात संपला. मंडईत त्या भाव करत नसत. फक्त विक्रेत्याने वाटेल तो आकडा सांगितला की चार मोजत श्वास आत घेत आणि चार मोजत सोडत. तेवढ्या वेळात बहुतेक जण आपणहून खाली येत.

माझी शिकवणी सुरू झाली ती आमच्या कंपनीमुळे. हिंजवडीच्या त्या कंपनीत दिवसभर बसून आणि उरलेला वेळ कंपनीच्या बसमध्ये बसून माझं वजन भलतंच वाढलं होतं. त्यात आमच्या टीम लीडरने, सौरभने, शहरातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीसाठी टीमची नावं परस्पर देऊन टाकली आणि तसा ईमेल मोठ्या साहेबांपर्यंत पाठवला. मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी मला जिना चढायला लावला आणि वर आल्यावर म्हणाल्या, “वानखडे, तुम्ही शर्यतीत मराल. पण आठ आठवडे आहेत.”

पहिला आठवडा त्यांनी मला धावूच दिलं नाही. जमिनीवर उताणं झोपायचं, पोटावर टेलिफोन डिरेक्टरी ठेवायची आणि श्वास घेताना ती वर गेली पाहिजे, छाती नाही. डिरेक्टरी त्यांनीच दिली. आता मोबाइलमुळे ती कुणी उघडत नाही, निदान तुमच्या पोटाच्या तरी कामाला येऊ दे, असं म्हणाल्या. त्यानंतर चालणं. चार पावलं श्वास आत, चार पावलं बाहेर. तोंड उघडलं की थांबायचं. मी इतका हळू चालत असे की काठीवाले आजोबासुद्धा मला मागे टाकून जात आणि जाताना तब्येतीची चौकशी करत.

एका रविवारी त्या मला मार्केट यार्डात घेऊन गेल्या. मला वाटलं, कांदे घ्यायचे असतील. त्यांनी मला एका गाळ्यासमोर उभं केलं आणि पाठीवर गोणी घेऊन चाललेल्या हमालाकडे बोट दाखवलं. तोंड मिटलेलं, चाल एकसारखी. गोणी उतरवून तो टेकला तेव्हा बाईंनी त्याला विचारलं की हे तुम्हाला कुणी शिकवलं.

“काय शिकवलं, ताई?”

“तोंड मिटून श्वास घ्यायला.”

तो हसला. “वझं हाय तवर कोन बोलतंय? बोललं की दम जातो.”

परतीच्या वाटेवर बाई खूश होत्या. मला शिकवायला दोन महिने लागतात ते त्याला एका वाक्यात सांगता आलं, असं त्या दोनदा म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मला बरं वाटायला लागलं होतं. झोप चांगली लागत होती. प्रोजेक्टच्या शेवटच्या दिवशी सगळं कोसळलं आणि परदेशातला क्लायंट फोनवर तापला, तेव्हा मी टेबलाखाली बोटं मोजत श्वास घेत होतो आणि उत्तरं देत होतो. सौरभला वाटलं, माझ्या हातात दुसऱ्या कंपनीची ऑफर आहे.

शर्यतीत बाईंनीही नाव दिलं होतं. साठीपुढच्या महिलांसाठी वेगळा करंडक असे. गेली दोन वर्षं त्यांचा दुसरा नंबर येत होता आणि यंदा पहिला येणार हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. निघताना त्यांनी मला बजावलं की पहिले तीन किलोमीटर कुणी कितीही पुढे गेलं तरी जाऊ द्यायचं.

मी जाऊ दिलं नाही. नवे कोरे बूट घातलेला सौरभ माझ्या पुढे निघाला आणि माझं डोकं फिरलं. आठ आठवड्यांचं शिक्षण आठ मिनिटांत विसरून मी तोंड उघडून त्याच्या मागे पळालो. सहाव्या किलोमीटरला बरगडीखाली अशी कळ आली की मी रस्त्याच्या कडेला वाकून उभा राहिलो. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते. आपण खरंच मरणार, असं मला वाटलं. अकोल्याला आईला कोण कळवणार, इथपर्यंत विचार गेला.

तेवढ्यात पाठीवर हात पडला.

“सरळ उभा राहा. बोलू नकोस. चाल.”

लिमयेबाई होत्या. त्या मला पहिल्यांदाच अरे-तुरे करत होत्या. ‘तुम्ही पुढे जा’ म्हणून मी हात केला, तो त्यांनी खाली दाबला. त्या माझ्या शेजारी चालायला लागल्या आणि हळू आवाजात मोजायला लागल्या. एक, दोन, तीन, चार. सोड. एक, दोन, तीन, चार. लोक आम्हाला ओलांडून जात होते. त्यांत पांढऱ्या केसांच्या, टोपी घातलेल्या एक बाईही गेल्या. लिमयेबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मोजणं चालूच ठेवलं. कळ गेली, मग आम्ही हळू धावलो, मग जरा जोरात. शेवटच्या वळणावर मी ठीक आहे असं बघून त्या सुटल्या ते मला पुन्हा दिसल्याच नाहीत.

मी शर्यत पुरी केली. सौरभ आठव्या किलोमीटरला रिक्षात बसला होता. बाईंचा दुसरा नंबर आला, टोपीवाल्या बाईंचा पहिला. मी माफी मागायला गेलो तर म्हणाल्या, “त्या तोंडाने धावत होत्या,” आणि विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. घर लख्ख होतं. फक्त बाहेरच्या खोलीतला छताचा पंखा भयंकर आवाज करत होता. आधी घरघर, मग एक लांब शिट्टी, मग क्षणभर काहीच नाही आणि पुन्हा घरघर. मी इंजिनियर. शिवाय उपकाराखाली दबलेला. मी म्हटलं, स्टूल द्या, दोन थेंब तेल सोडतो, अजिबात आवाज येणार नाही.

“नको,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, संकोच करतायत. मी पाच मिनिटांचं काम आहे म्हणालो आणि स्टूल ओढलंसुद्धा. त्यांनी माझं मनगट धरलं.

“राहू दे. हे असेच घोरायचे.”

मी स्टूल सोडलं. बाई वर पंख्याकडे बघत होत्या.

“तोंड उघडं टाकून. एकतीस वर्षं मी त्यांच्याशी त्यावरून भांडले. शेवटी मी माझं अंथरूण या खोलीत आणलं, तरी ऐकू यायचंच.” पंख्याने शिट्टी मारली. त्या ती संपेपर्यंत थांबल्या. “ते गेल्यावर पहिला महिना मला झोपच येईना. मग उन्हाळा आला, हा लावला.”

त्यांनी पेढ्यांचा पुडा उघडला, एक मला दिला, एक स्वतः घेतला आणि खुर्चीत डोळे मिटून बसल्या. थोड्या वेळाने बघतो तर त्यांना डुलकी लागली होती. मी उठलो, पंखा तसाच चालू ठेवला आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.