आज्जाचं घोंगडं

"आता शंभर वर्षं ह्याला कुणी बोट लावत न्हाय!" आज्जाचं घोंगडं काचेच्या कपाटात ठेवून धुळाप्पानं आईला ठणकावून सांगितलं.

भीमेला मोठा पूर आला तेव्हा याच घोंगड्यात तान्ह्या पोराला पाठीशी बांधून आज्जानं नदी पार केली होती. ते पोर म्हणजे धुळाप्पाचा बाप. त्याची आई गोजाबाई घोंगडं द्यायला तयारच नव्हती. पण गावानं नदीकाठी वस्तुसंग्रहालय काढलं आणि राखणदार कोण, तर खुद्द धुळाप्पा! कपाटाची किल्ली त्याच्याच करदोट्याला. मग म्हातारीनं ते काढून दिलं.

उद्घाटनाला सोलापूरहून एक पुढारी येणार होते. खांद्यावर घोंगडं टाकून हातात काठी दिल्याशिवाय सत्कार झाला असं आमच्याकडं कुणी मानतच नाही. संग्रहालयाचे अध्यक्ष जोतिराम सरांनी कोरं घोंगडं आणून ठेवलं होतं. गाडी थांबली. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला गॉगलवाला गडी उतरला आणि हलगीच्या तालात सरांनी ते त्याच्या अंगावर घातलंसुद्धा!

तो ड्रायव्हर होता! साहेब मागच्या दारानं उतरत होते.

"काढून घ्या की त्याचं!" धुळाप्पा कुजबुजला.

"अंगावर घातलेलं काढतात होय रे? चारचौघांत शोभा होईल! कपाट उघड."

"सर, ते आज्जाचं हाय!"

"फोटोपुरतं रे! फोटो झाला की परत. काढ किल्ली!"

आणि धुळाप्पानं काढली. स्वतःच्या हातानं.

साहेबांनी घोंगडं चाचपून बघितलं. "वा! असलं अस्सल आता मिळत नाही!" मग जुन्या वस्तू जपण्यावर पोटभर भाषण ठोकलं आणि घोंगड्यासकट गाडीकडं निघाले. सर नुसते हात जोडून उभे.

धुळाप्पा मागं पळाला. "साहेब! घोंगडं! माज्या आज्जाचं..."

"फोटो पाहिजे होय? ये, ये!" साहेबांनी त्याच्या गळ्यात हात टाकला. फोटो निघाला. गाडी गेली.

रिकामं कपाट बरं दिसेना, म्हणून सरांनी तोच फोटो मोठा करून आत लावला. आठवड्यानं गोजाबाई आली, काचेला कपाळ टेकवून बघत राहिली. परक्याच्या खांद्यावर सासऱ्याचं घोंगडं, आणि शेजारी आपला लेक, दात काढून हसतोय! धुळाप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खाली काय ल्हिवलंय रं?" तिनं विचारलं.

पाटी जुनीच होती. धुळाप्पानं वाचून दाखवली.

"हात लावू नये."