खवल्याचा घास आणि बगळोबांची काठी

एका जंगलात, बाळांनो, लग्नसराई जोरात होती. अस्वलाच्या घरचं कार्य होतं आणि पंगत बसली होती. भातावर तूप पडावं, यजमानांनी हात जोडून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणावं आणि मगच घास उचलावा, अशी तिथली रीत. आपल्याकडे आहे, तशीच.

पण खवल्या नावाच्या खवले मांजराला सपाटून भूक लागली होती. त्याने तूप यायच्या आधीच घास घेतला.

झालं! घरी येऊन त्याने अंगाचं जे वेटोळं केलं, ते काही सोडेना. ‘सगळ्यांनी पाहिलं. हावरट म्हणाले असतील. मी नुसतं पाणी का नाही प्यायलो?’ असं त्याचं दळण सुरू झालं.

बहीण चंपा आली. “दादा, पुढच्या आठवड्यात बकुळाचं लग्न. तू मामा. नवरीला मांडवात तूच आणायचंस.”

“कुठल्या तोंडाने येऊ? दुसरा मामा बघ.”

“दुसरा मामा काय बाजारात मिळतो?” चंपा रडायलाच लागली. मामा नसेल तर बोहल्यावर चढणारच नाही, असं बकुळाने तिला बजावलं होतं.

शेवटी चंपाने बगळोबांना आणलं. ते नदीपलीकडून मनाचं शास्त्र शिकून आले होते. त्यांच्याकडे खुणा केलेली एक काठी होती आणि काठीवर सरकणारं एक कडं.

“तो घास आठवतो? कधीच नाही, अधूनमधून, की सारखा?”

“अधूनमधून.”

“आणि आत्ता?”

“आत्ता तुम्ही विषय काढलात, म्हणून आठवतोय.”

“म्हणजे सारखा,” असं म्हणून बगळोबांनी कडं वर सरकवलं.

ते रोज येऊन हेच विचारू लागले. कडं पार टोकाला गेलं. बगळोबा खूश झाले. “माप कसं चोख येतंय!”

“अहो, पण दादा बरा कधी होणार?” चंपाने विचारलं.

“ते माझ्याकडे नाही. मी मोजतो. आणि एकट्याचं माप काय कामाचं? इतरांशी ताडून पाहायला हवं.”

मग बगळोबा जंगलभर हिंडले. त्या पंगतीत तुमचं काय चुकलं, असं घरोघरी विचारत सुटले.

बिचारे सगळे विसरून गेले होते. आता आठवू लागले. हरिणीला भलत्या वेळी आलेलं हसू आठवलं. माकडाने नवरदेवाच्या आईला आजी म्हटलं होतं. अस्वलाला तर वाटायला लागलं की आपण जिलेबीचा आग्रह कमीच केला.

बगळोबा परतले. “तुझा घास कुणालाच आठवत नाही रे.”

“एकालाही नाही?” खवल्या जरा दुखावलाच. “वाघालासुद्धा? तो तर अगदी समोर होता!”

“त्याला स्वतःचा ढेकर आठवतोय. गुहेबाहेर यायला तयार नाही.”

हे ऐकून खवल्याचं वेटोळं सैल झालं. इतका हलका तो कधीच झाला नव्हता.

लग्नाच्या दिवशी तो बकुळाला घेऊन मांडवात निघाला. वाटेत उपरण्यात पाय अडकून सपशेल आपटला. पण पाहुणे माना खाली घालून आपापली चूक आठवत बसले होते. पाहिलं फक्त बकुळाने. ती खुदकन हसली. खवल्याही हसला, उठला, आणि भाचीचा हात धरून तिला थेट अंतरपाटापाशी घेऊन गेला.

तात्पर्य : चारचौघांत चूक झाली, तर घरी एकट्याने कुढत बसू नये. मापं काढणाऱ्याला बोलवावं. मग सगळं जंगल कुढत बसतं, आणि आपण लग्नाला जायला मोकळे होतो.