बारीक डोक्याची नोट

शंभर डॉलरची ती नोट शेवटी एलिफुराहाच्याच हातात परत आली. पण सफारी कंपनीच्या नियमावलीप्रमाणे गाईडने पाहुण्यांकडे रोख पैशांचा विषय काढायचा नसतो, आणि आपण तो काढलेला नाही असं एलिफुराहाने कंपनीच्या मालकीण मॅडमना लेखी दिलेलं आहे. म्हणजे नोट कधी गेलीच नाही. गेली नाही ती परत कशी येणार? तेव्हा पहिलं वाक्य कुणीच वाचलं नाही असं धरून पुढे जाऊ.

टांझानियातल्या आरुशाच्या विमानतळावर एक निवृत्त गृहस्थ पाच दिवसांची सफारी संपवून एलिफुराहाच्या गळ्यात पडले. डोळे पुसले, आणि त्याच्या हातात एक पाकीट ठेवलं. "तुझं आणि स्वयंपाक्याचं," म्हणाले.

पाकीट दोन्ही हातांनी घ्यायचं, छातीशी धरायचं आणि पाहुणा नजरेआड होईपर्यंत उघडायचं नाही, अशी या धंद्यातली रीत आहे. पाहुण्यासमोर पाकीट उघडणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर वाढलेलं ताट वजन करून बघणं. एलिफुराहाने अकरा वर्षं ही रीत पाळली होती. त्या दिवशीही पाळली, आणि तिथेच घात झाला.

विमान उडालं. गाडीला टेकून उभा असलेला अथुमानी म्हणाला, "उघड आता."

अथुमानी म्हणजे स्वयंपाकी. मूळचा किनाऱ्यावरच्या टांगा गावाकडचा, एलिफुराहापेक्षा दहा वर्षांनी मोठा. वाऱ्यात, धुळीत, तंबूबाहेर तरस फिरत असताना तो भोपळ्याचं असं सूप करायचा की पाहुणे सिंहाचे फोटो सोडून सुपाचे फोटो काढायचे. एलिफुराहाच्या गाडीला बुकिंग यायचं ते निम्मं अथुमानीमुळे. हे दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही ते बोलून दाखवत नसत.

पाकिटातून नोट निघाली. आठ घड्या घातलेली, शंभराची. साठ गाईडचे, चाळीस स्वयंपाक्याचे, हा ठरलेला वाटा. दोघं खुशीत बँकेत गेले.

खिडकीमागच्या बाईंनी नोट उलगडली आणि काचेखालून परत सरकवली. "ही चालणार नाही."

"का? खोटी आहे?"

"खरी आहे."

"फाटलीय?"

"नाही. डोकं लहान आहे."

"कुणाचं?" अथुमानी पुढे झाला.

"या गृहस्थांचं." बाईंनी नोटेवरच्या टकल्या माणसावर बोट ठेवलं. "नव्या नोटेवर डोकं मोठं असतं. ही एकोणीसशे नव्वदची. दोन हजार नऊच्या आधीची आम्ही घेत नाही."

"अहो बाई, माणूस तोच आहे ना?"

"माणूस तोच आहे. पुढचे या."

आणखी दोन ठिकाणी हेच झालं. तिसरीकडे तर डोकं बघायच्याही आधी, "घड्या फार आहेत," म्हणाले. म्हणून अथुमानीने घरी कोळशाची इस्त्री तापवली आणि घड्या मोडायला गेला. घड्या मोडल्या, पण एक कोपरा पापडासारखा तांबूस झाला. आता नोट जुनी होती, बारीक डोक्याची होती आणि वर भाजलेलीही होती.

"हे बघ," एलिफुराहा म्हणाला, "तुझे चाळीस मी पगारातून देतो."

"तुझा पगार मला नको. मला टिपेतले चाळीस पाहिजेत." अथुमानीने इस्त्री आपटली. "आणि एक सांग. पाकीट तुझ्याच खिशात होतं ना? आत नवी नोट नव्हती कशावरून?"

"म्हणजे? मी बदलली?"

"मी कुठे म्हटलं तसं? मी नुसतं विचारलं."

"अथुमानी भाऊ, सहा वर्षं आपण एका गाडीत आहोत!"

"म्हणून तर चांगल्या शब्दांत विचारलं. त्या किमारो गाईडच्या गाडीवर स्वयंपाकी हवाय. मी या एका फेरीला येतो तुझ्याबरोबर. फेरी संपताना माझा मागचा वाटा हातात, नाहीतर मी किमारोकडे."

अशा नोटेवर उपाय एकच. ज्यांच्या देशात ती चालते, त्यांनाच देऊन नवी घ्यायची. पुढचे पाहुणे अमेरिकेचेच होते, वेंडेल साहेब आणि मार्जरी बाई. साहेबांच्या कमरेच्या पाऊचमध्ये नीट नावं घातलेली सात पाकिटं होती, आणि एकावर 'गाईड व स्वयंपाकी' असं लिहिलेलं एलिफुराहाने पहिल्याच दिवशी पाहिलं. इतका शिस्तीचा माणूस नोट चुटकीसरशी बदलून देईल. फक्त त्याच्याकडे मागायची नव्हती. मागितली तर मॅडम घरी बसवणार. म्हणजे न मागता साहेबांच्या मनात यायला हवं.

पहिल्या दिवशी एलिफुराहाने गाडी एका अवाढव्य गोरखचिंचेच्या झाडाखाली थांबवली. "हे झाड शेकडो वर्षांचं आहे, साहेब. जुनं आहे म्हणून सगळे मान देतात. सगळ्याच जुन्या गोष्टींच्या नशिबी हे नसतं. माझ्याकडे एक नोट आहे..." इथे त्याला नियमावली आठवली. तो गप्प झाला आणि दूर बघत राहिला.

"कसली नोट?" मार्जरी बाईंनी हळूच विचारलं.

"जाऊ द्या, बाई."

दुसऱ्या दिवशी कळपाने हाकललेला एक म्हातारा सिंह दिसला. "आता याला कुणी घेत नाही," एलिफुराहा म्हणाला. "माझ्या नोटेसारखंच." साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली.

तिसऱ्या दिवशी बाईंना राहवलं नाही. "बरेच दिवस आहे का रे ती तुझ्याजवळ?"

"आली तेव्हापासून हातातून सुटतच नाही, बाई. रात्री झोप नाही तिच्यापायी."

बाईंनी साहेबांचा हात दाबला. एलिफुराहाला वाटलं, आता जमलं. संध्याकाळी साहेब पाऊच उघडतात का, म्हणून तो बघत बसला. साहेबांनी पाऊच उघडला, त्यातून जुलाबाची गोळी काढली आणि मिटला.

"काय झालं?" अथुमानीने चुलीपाशी विचारलं.

"येतंय हळूहळू त्यांच्या मनात."

"परवा त्यांचं विमान आहे. मन आहे की कासव?"

चौथ्या दिवशी अथुमानीने प्रकरण हातात घेतलं. चहाच्या ट्रेमध्ये मक्याच्या लाह्यांच्या वाटीशेजारी त्याने नोट सरळ पसरून ठेवली, वर बशी ठेवली, आणि बारीक डोक्याचे ते गृहस्थ बशीखालून बाहेर डोकावत राहतील असं बघितलं. कंपनीच्या नियमावलीत ट्रेबद्दल काही लिहिलेलं नाही.

"अगं बाई!" मार्जरी बाई ओरडल्या. "हीच का ती? आपल्या लग्नातल्या आहेरात अशाच नोटा होत्या ना, वेंडेल?"

"आवडली तर ठेवा, बाई," एलिफुराहा घाईघाईने म्हणाला. "बदल्यात दुसरी कुठलीही चालेल. म्हणजे नाही दिलीत तरी... म्हणजे दिलीत तर..."

वेंडेल साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पाऊच उघडला आणि कोरी करकरीत, मोठ्या डोक्याची शंभराची नोट त्याला दिली. एलिफुराहाच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी ते पाहिलं. बाईंनीही पाहिलं.

त्या रात्री अथुमानीने उघड्या निखाऱ्यांवर केक केला. चपात्या लाटता लाटता किमारोला फोन लावला आणि म्हणाला, "तुझ्या गाडीला तू दुसरा आचारी बघ. आमच्या गाडीचं बरं चाललंय." मग एलिफुराहाच्या ताटात मांसाचा मोठा तुकडा टाकून म्हणाला, "मी नुसतं विचारलं होतं हं त्या दिवशी."

"मी कुठे मनावर घेतलं?" एलिफुराहा म्हणाला. त्याने चार दिवस धड जेवण केलं नव्हतं.

सकाळी धावपट्टीवर साहेब गळ्यात पडले, बाई दोनदा पडल्या. साहेबांनी पाकीट दिलं. एलिफुराहाने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि छातीशी धरलं. रीत ती रीत. लहानसं विमान धूळ उडवत वर गेलं, पक्ष्याएवढं झालं, मग माशीएवढं.

"उघड आता," अथुमानी म्हणाला.

आत एक चिठ्ठी होती. एलिफुराहाने मोठ्याने वाचली.

'प्रिय मित्रांनो, काल दिलेली नवी नोट याच पाकिटातली होती, म्हणजे तुमची बक्षिसी तुम्हाला पोहोचली आहे. पण चार दिवस तुम्ही माणसासारख्या जपलेल्या ज्या नोटेबद्दल बोलत होता, ती आम्ही घेऊन जाणं आम्हाला पटलं नाही. मार्जरी रात्रभर झोपली नाही. ती तुमच्याकडेच राहायला हवी.'

चिठ्ठीच्या घडीतून ते टकले गृहस्थ बाहेर आले. डोकं बारीक होतं आणि कोपरा भाजलेला होता.

धावपट्टीच्या कडेला एक रानडुक्कर शेपूट वर करून पळत गेलं.

"म्हणजे खिशातली नवी नोट या फेरीची," अथुमानी सावकाश म्हणाला. "तिच्यातले चाळीस या फेरीचे. मग माझा मागचा वाटा?"

एलिफुराहाने जुनी नोट वर धरली. "हा इथे आहे."

"म्हणजे झालं काय?"

"काहीच झालं नाही. जा किमारोकडे. एकदाचा जा!"

"जातोय कसला! मी गेलो की हिच्यातले माझे चाळीस तुझ्या खिशात पडणार. मला काय खुळा समजलास?" अथुमानीने गाडीत चढून दार आपटलं. "ही सुटेपर्यंत मी या गाडीतून उतरत नाही. आणि तोवर ही माझ्या मसाल्याच्या डब्यात राहील. चल, चालव."

त्याच आठवड्यात मॅडमच्या टेबलावरून एक अर्ज परदेशी रवाना झाला. मजकूर अथुमानीने सांगितला, अक्षर एलिफुराहाचं आहे:

'प्रति, मा. मुख्याधिकारी, नोटा छापणारं खातं, अमेरिका. विषय : डोक्याबाबत. महोदय, सोबत आपल्याच खात्याची एक नोट जोडलेली नाही, कारण टपालावर आमचा विश्वास नाही. तरी आपण आपला एक जबाबदार कर्मचारी, योग्य त्या अवजारांसह, स्वखर्चाने आरुशा येथे पाठवून सदर गृहस्थांचं डोकं जागेवरच मोठं करून द्यावं, ही नम्र विनंती. कर्मचाऱ्याच्या जेवणाची सोय केली जाईल. त्याने टिप देऊ नये.'